दोन नावांची क्रूझर : प्रस्तावना

चंद्रपुरात बसून लढाऊ जहाजावर पुस्तक लिहितोय म्हटलं, की समोरचा हमखास विचारतो : तुमचा आणि समुद्राचा संबंध काय? प्रश्न रास्त आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या आमच्या दोन्ही जिल्ह्यांत पाण्याला तोटा नाही, पण ते सगळं गोडं. वर्धा, वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती. या साऱ्या नद्या गोदावरीला मिळतात आणि त्यांचं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. आम्ही मात्र काठावरच राहतो.

तरीही समुद्र एकदा आमच्या दारापर्यंत यायला निघाला होता. १८६०च्या दशकात इंग्रज सरकारनं गोदावरी आणि प्राणहितेतून बोटी वर आणायच्या आणि इकडचा कापूस थेट बंगालच्या उपसागरावर उतरवायचा, अशी योजना हाती घेतली होती. नदीतल्या खडकांच्या अडथळ्यांवर बंधारे आणि कालवे बांधायचे ठरलं. त्यासाठी अप्पर गोदावरी नावाचा एक जिल्हाच उभा राहिला आणि सिरोंचा त्याचं मुख्यालय झालं. मधल्या काळात, १८६७ साली, रेल्वे नागपूरला येऊन पोहोचली. कापसानं मुंबईची वाट धरली. १८७१च्या सुमारास जलमार्गाचं काम थांबलं, पुढे तो जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांदा म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्याला जोडलं गेलं. आजही सिरोंच्याला उभं राहून संगमाकडे पाहताना ती योजना वेडगळ वाटत नाही, उशिरा सुचलेली वाटते.

कापूस जिकडे वळला त्याच मुंबईत या पुस्तकातलं जहाज तीस वर्षं राहिलं. इंग्लंडात बांधलेली, न्यूझीलंडच्या पोरांनी लढवलेली आणि भारतीय नौदलात म्हातारी झालेली ही एक हलकी क्रूझर. तिचं जन्मनाव एचएमएस अकिलीस. ५ जुलै १९४८पासून ती ‘दिल्ली’ झाली. आधी एचएमआयएस, आणि २६ जानेवारी १९५०पासून आयएनएस.

तिच्याबद्दल इंग्रजीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणि माझी तक्रार त्या लिखाणाशीच आहे. त्यात १३ डिसेंबर १९३९ची, प्लेट नदीवरच्या लढाईची सकाळ मिनिटामिनिटानं येते. पॅसिफिकमधली वर्षं येतात. नंतर एक ओळ येते, की युद्ध संपल्यावर जहाज भारताला विकलं, आणि पान उलटतं. आता तारखा मांडून पाहा. ऑक्टोबर १९३३मध्ये जहाज सेवेत आलं. तिथून भारतीय झेंडा चढेपर्यंत पुरती पंधरा वर्षंही होत नाहीत. भारतीय नौदलातली तिची सेवा ५ जुलै १९४८ ते ३० जून १९७८, म्हणजे पाच दिवस कमी तीस वर्षं. आयुष्याचा दोन तृतीयांश भाग एका ओळीत गुंडाळायचा आणि त्याला सेवेचा इतिहास म्हणायचं, हे मला पटत नाही. आपल्याकडचं दुखणं वेगळं आहे. इथे ती ‘इंग्रजांचं जुनं जहाज’ म्हणून ओळखली जाते, जणू १९४८च्या आधी तिला काही आयुष्यच नव्हतं. हे पुस्तक दोन्ही भाग एकाच जहाजाचे मानून लिहिलं आहे.

आधी जहाज समजून घेऊ. क्रूझरला हलकी किंवा जड ठरवते ती तिची तोफ, तिचं वजन नव्हे. १९३०च्या लंडन नौदल करारानं ती रेघ ओढली : तोफेचं तोंड ६.१ इंचापर्यंत असेल तर हलकी, त्यावर जड. अकिलीस ‘लिअँडर’ वर्गातली. लिव्हरपूलच्या समोर, बर्कनहेडला कॅमेल लेअर्डच्या गोदीत १९३१ साली तिची बांधणी सुरू झाली आणि १ सप्टेंबर १९३२ला ती पाण्यात उतरली. सुमारे सात हजार टन वजन, १६९ मीटर लांबी, दोन-दोनच्या चार बुरुजांत सहा इंची आठ तोफा, दोन्ही कडांना मिळून आठ पाणतीरनळ्या. सहा इंची तोफेचा गोळा ११२ पौंडांचा, म्हणजे एक्कावन्न किलोंच्या आसपास. आमच्या धानाच्या मुलखात कुणालाही हे वजन खांद्यावर जाणवेल : तांदळाचं एक भरलेलं पोतं. हलत्या बुरुजात, धुरात, कान बधिर करणाऱ्या आवाजात ते पोतं उचलून तोफेत सरकवायचं, आणि लगेच पुढचं. भद्रावतीच्या आयुध निर्माणीत ज्यांनी आयुष्य काढलं त्यांना तोफगोळ्याबद्दल मी काही सांगावं असं नाही. पण गोळ्यात स्फोटक भरणारे हात आणि तो तोफेत भरणारे हात यांच्यामधलं अंतर या पुस्तकात थोडं कमी होईल.

इंजिनाबद्दल मात्र चंद्रपूरकराला सांगणं सोपं आहे. बॉयलरमध्ये पाणी तापवून वाफ करायची, ती टर्बाइनच्या पात्यांवर सोडायची, मग कंडेन्सरमध्ये थंड करून तिचं पुन्हा पाणी करायचं. दुर्गापूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रात हेच चालतं. तिथे टर्बाइन जनित्र फिरवतं, इथे पंखे. अकिलीसला सहा बॉयलर होते आणि चार पार्सन्स टर्बाइन. एकूण ताकद ७२ हजार अश्वशक्ती, म्हणजे साधारण ५४ मेगावॅट. आपल्या केंद्रातल्या २१० मेगावॅटच्या एका संचाचा चौथा हिस्सा. एवढ्याशा ताकदीवर सात हजार टनांचं पोलाद बत्तीस नॉट, म्हणजे ताशी साठ किलोमीटरच्या आसपास वेगानं धावत असे. एक फरक ध्यानात ठेवावा : हे जहाज कोळशावर नव्हे, तेलावर चालायचं. शिवाय चहूकडे पाणी असून बॉयलरला त्यातलं थेंबभर चालत नसे. समुद्राचं पाणी ऊर्ध्वपातन करून गोडं करायचं, मगच ते बॉयलरला द्यायचं. पिण्याचं पाणीही तिथूनच यायचं, त्यामुळे खलाशाची अंघोळ आणि बॉयलरची तहान यांचं भांडण कायमचं.

आता १३ डिसेंबरच्या त्या सकाळीकडे येतो. कितीही टाळायचं ठरवलं तरी ती टाळता येत नाही.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा अकिलीस न्यूझीलंडच्या ताफ्यात होती. जहाजावर साडेपाचशेहून अधिक माणसं, त्यांतली निम्म्याहून जास्त न्यूझीलंडची. कॅप्टन होते विल्यम एडवर्ड पॅरी. हे नाव लक्षात ठेवा. दक्षिण अटलांटिकमध्ये त्या वेळी ‘अडमिरल ग्राफ श्पे’ नावाची जर्मन युद्धनौका व्यापारी जहाजं बुडवत फिरत होती. तिनं नऊ जहाजं बुडवली, पण त्या जहाजांवरच्या एकाही माणसाचा जीव घेतला नाही. तिचे कॅप्टन हान्स लांग्सडॉर्फ त्या जातीचे दर्यावर्दी होते. तिच्या तोफा अकरा इंची, सहा. एका गोळ्याचं वजन तीनशे किलो. अकिलीसच्या आठही तोफा एकदम डागल्या तरी चारशे किलोंच्या आसपासच लोखंड सुटणार, आणि समोरून येणार अठराशे किलो. शिवाय अकिलीसचा पल्ला कितीतरी तोकडा.

उरुग्वे आणि अर्जेंटिना यांच्यामधलं प्लेट नदीचं मुख अफाट रुंद आहे. ग्राफ श्पे तिथल्या जहाजांच्या वाटेवर येईल, असा कमोडोर हेन्री हारवुड यांनी अदमास बांधला आणि तीन क्रूझर घेऊन ते तिथे थांबले : एक्झेटर, एजॅक्स आणि अकिलीस. १३ डिसेंबरला पहाटे सहानंतर क्षितिजावर धूर दिसला. हारवुडनी ताफा दोन बाजूंना फोडला, म्हणजे शत्रूला तोफा दोन दिशांना वाटाव्या लागतील. एक्झेटरला सर्वांत जास्त मार बसला. तिच्यावरचे ६१ जण गेले आणि अखेर तिला लढाईतून बाहेर पडावं लागलं. मग एजॅक्स आणि अकिलीस वेडीवाकडी वळणं घेत, मधूनमधून धुराचा पडदा सोडत पुढे घुसत राहिल्या. एका गोळ्याचे तुकडे अकिलीसच्या तोफनियंत्रण मनोऱ्यावर आणि ब्रिजवर येऊन आदळले. जहाजावरचे चौघे ठार झाले, पॅरींचे पाय जखमी झाले. मनोऱ्यात मेलेल्यांच्या शेजारी बसून जिवंत राहिलेल्यांनी अंतरं मोजण्याचं आणि आकडे कळवण्याचं काम चालू ठेवलं. ब्याऐंशी मिनिटांत अकिलीसनं बाराशेहून अधिक गोळे डागले. हिशेब केला तर प्रत्येक तोफेमागे दीडशेच्या वर पोती, मिनिटाला जवळपास दोन.

ग्राफ श्पे बुडाली नाही. तिच्यावरचे ३६ जण मरण पावले होते. ती जखमा घेऊन माँटेव्हिडिओच्या तटस्थ बंदरात शिरली. उरुग्वेनं ७२ तासांची मुदत दिली. बाहेर इंग्रजांची मोठी जहाजं जमली आहेत, अशी आवई इंग्रजांनीच शिताफीनं उठवली. खरं तर मदतीला फॉकलंडहून कंबरलँड ही एकटी क्रूझर येऊन पोहोचली होती. लांग्सडॉर्फना ती आवई खरी वाटली. १७ डिसेंबरच्या संध्याकाळी किनाऱ्यावर जमलेल्या गर्दीच्या डोळ्यांदेखत त्यांनी आपलं जहाज स्वतःच उडवून दिलं, माणसं आधी उतरवून. दोन-तीन दिवसांतच ब्युनोस आयर्समध्ये त्यांनी स्वतःवर गोळी झाडली. ही लढाई इंग्रजांनी तोफांनी जितकी जिंकली तितकीच बातम्यांनी जिंकली असं माझं मत आहे, आणि त्या प्रकरणात ते मी लपवलेलं नाही. लांग्सडॉर्फबद्दलची माझी सहानुभूतीही लपणार नाही.

पॅसिफिकमधल्या वर्षांवरचं प्रकरण आटोपशीर ठेवलं आहे. ५ जानेवारी १९४३ला ग्वादालकॅनालजवळ जपानी विमानाचा बाँब अकिलीसच्या मागच्या दोन बुरुजांपैकी एकावर, ‘एक्स’ बुरुजावर पडला. तेरा जण गेले. त्याच दिवशी त्याच पाण्यात ‘हेलेना’ या अमेरिकी क्रूझरनं विमानाच्या जवळ जाताच आपोआप फुटणारा गोळा प्रथमच युद्धात वापरून एक विमान पाडलं. तोफखान्याच्या इतिहासात तो दिवस हेलेनाच्या नावावर आहे, अकिलीसच्या वाट्याला फक्त प्रेतं आली. दुरुस्तीसाठी ती पोर्ट्समथला गेली, तर तिथेही स्फोट होऊन गोदीतले चौदा कामगार दगावले. युद्धकथांत या चौदा जणांना सहसा जागा मिळत नाही, म्हणून इथे मुद्दाम नोंदवतो. मोडका बुरूज कायमचा काढून टाकला आणि त्या जागी विमानविरोधी तोफा आल्या. भारतात आली ती आठ नव्हे, सहा तोफांची अकिलीस.

आता १९४८. फाळणीत नौदलाचीही वाटणी झाली. भारताच्या वाट्याला चार स्लूप, दोन फ्रिगेट आणि काही सुरुंगशोधक नौका अशी किरकोळ जहाजं आली. त्याआधी दीड वर्ष, १८ फेब्रुवारी १९४६ला, मुंबईत ‘तलवार’ या किनाऱ्यावरच्या नौदल तळातल्या खलाशांनी निकृष्ट अन्न आणि अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध बंड पुकारलं होतं आणि ते वणव्यासारखं जहाजाजहाजावर पसरलं होतं. अधिकारी आणि खलाशी यांच्यातला विश्वास मोडलेला, जहाजं छोटी, अनुभवी माणसं थोडी. अशा नौदलात सात हजार टनांची, लढाई जिंकलेली क्रूझर येते. पहिले कॅप्टन इंग्रजच होते, पण त्यांचे दुय्यम होते कमांडर राम दास कटारी. हेच कटारी पुढे २२ एप्रिल १९५८ला भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. सप्टेंबर १९४८मध्ये जहाज मुंबईला पोहोचलं आणि नौदलाची ध्वजनौका झालं.

मघाचं ते नाव आता आठवा. ऑगस्ट १९४८मध्ये भारतीय नौदलाच्या प्रमुखपदी ज्यांची नेमणूक झाली ते व्हाइस अडमिरल पॅरी म्हणजे प्लेट नदीवर अकिलीसच्या ब्रिजवर पायांत तुकडे घुसलेले तेच कॅप्टन पॅरी. जुन्या जहाजाची आणि जुन्या कॅप्टनची नव्या देशात अशी पुन्हा गाठ पडली. कादंबरीत असा योग कुणी घातला असता तर समीक्षकांनी त्याला धारेवर धरलं असतं.

त्यानंतरची दहा वर्षं हा माझ्या दृष्टीनं या पुस्तकाचा गाभा आहे, आणि त्यात एकही लढाई नाही. जून १९५०मध्ये पंडित नेहरू या जहाजावरून इंडोनेशियाला गेले. जून १९५३मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकानिमित्त स्पिटहेडला झालेल्या नौदल संचलनात ती भारताच्या वतीनं उभी राहिली. १९५६ साली पॉवेल आणि प्रेसबर्गर यांचा प्लेट नदीच्या लढाईवरचा चित्रपट आला. त्यात एजॅक्सचं काम शेफील्ड या इंग्रज क्रूझरनं केलं आणि ग्राफ श्पेचं चक्क एका अमेरिकी क्रूझरनं; पण अकिलीसच्या भूमिकेत खुद्द अकिलीसच होती, म्हणजे आपली आयएनएस दिल्ली. चित्रपट बघताना तिचा मागचा एक बुरूज गायब आहे हे शोधून काढावं. मोठी गंमत येते.

हे झाले दर्शनी प्रसंग. खरी गोष्ट रोजच्या पाळ्यांची आहे. चार-चार तासांच्या पाळ्या, त्यांतल्या दुपारी चार ते आठच्या पाळीचे दोन तुकडे, म्हणजे एकाच माणसाच्या नशिबी रोज मध्यरात्र येऊ नये. बॉयलरच्या खोलीतली धग. सातशे-आठशे माणसांचा स्वयंपाक. मोठं जहाज चालवायला नकाशे वाचणारे, बुरूज दुरुस्त करणारे, रडार सांभाळणारे, संदेश पाठवणारे, अन्नाचा हिशेब ठेवणारे असे किती वेगवेगळे लोक लागतात, हे स्लूपवर कळत नाही. ते क्रूझरवर कळतं. १९४८मध्ये क्रूझरचं युग सरत आलं होतं हे उघड होतं. महायुद्धानं विमानवाहू नौकेला आणि पाणबुडीला पुढे आणलं होतं. मग जुनी क्रूझर घेऊन पैसे वाया घालवले का? असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. दिल्ली घेतली नसती तर १९६१ साली विक्रांतसारखी विमानवाहू नौका चालवायला माणसं आणायची कुठून? दिल्लीची खरी किंमत तिच्यावर घडलेल्या माणसांत होती, आणि ती किंमत वसूल झाली.

भारतीय नौदलाची दुसरी क्रूझर म्हैसूर. तिचंही पूर्वायुष्य युद्धातलंच : एचएमएस नायजेरिया, ऑगस्ट १९४२मध्ये माल्टाकडे निघालेल्या ताफ्याबरोबर असताना इटालियन पाणबुडीचा पाणतीर खाल्लेली आणि तिच्यावरचे ५२ जण गमावलेली. २९ ऑगस्ट १९५७ला ती भारतीय झाली तेव्हा पहिले कॅप्टन होते एस. एम. नंदा, १९७१च्या युद्धात नौदलप्रमुख होते तेच. त्या युद्धात म्हैसूर पश्चिम ताफ्याची ध्वजनौका होती. तिला स्वतंत्र पुस्तक हवं. इथे ती धाकट्या बहिणीसारखी येते.

दोघी एकत्र दिसतात त्या डिसेंबर १९६१मध्ये, गोव्याच्या मुक्तीत. ताफ्याची सूत्रं रिअर अडमिरल भास्कर सदाशिव सोमण या मराठी अधिकाऱ्याकडे होती. पुढच्याच वर्षी ते नौदलप्रमुख झाले. म्हैसूर आणि त्रिशूल ही फ्रिगेट कारवारजवळच्या अंजदीव बेटाकडे गेल्या. तिथे उतरलेल्या नौसैनिकांपैकी सात जण मारले गेले. दिल्लीला दीव नेमून दिलं होतं. १८ डिसेंबरला किनाऱ्यावर आपले सैनिक अडले असताना तिनं दीवच्या किल्ल्यावर तोफा डागल्या. बावीस वर्षांपूर्वी याच बुरुजांनी प्लेट नदीवर गोळे सोडले होते. यात फार शौर्य शोधू नये. समोरची शिबंदी थोडी होती आणि निकाल ठरलेला होता. पण पोर्तुगीज किल्ल्यावर मारा करणारं जहाज पूर्वी इंग्रजांचं होतं आणि आता भारताचं, ही वसाहतींच्या इतिहासातली एक तिरकी रेघ आहेच.

उतारवयात दिल्ली कॅडेटांची प्रशिक्षणनौका झाली. १९६९मध्ये ती न्यूझीलंडला जाऊन आली, आणि अकिलीसवर लढलेले लोक आपल्या जुन्या जहाजाला भेटले. ३० जून १९७८ला मुंबईत तिचा झेंडा उतरला आणि ती भंगारात गेली. तिचा एक बुरूज आणि तोफनियंत्रणाचा तो मनोरा, ज्यात १९३९ साली माणसं मेली होती, भारतानं न्यूझीलंडला भेट दिले. ते आज ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नौदल तळावर आहेत. नावं मुंबईतच राहिली : माझगाव गोदीत बांधलेली नवी ‘दिल्ली’ १५ नोव्हेंबर १९९७ला सेवेत आली आणि पाठोपाठ १९९९मध्ये नवी ‘म्हैसूर’.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल थोडं. लढाईची प्रकरणं तारखेवार आहेत, बाकीची तशी नाहीत. नौदलातले जे शब्द मुंबईच्या गोदीत रुळले आहेत ते तसेच ठेवले : क्रूझर, ब्रिज, बॉयलर, नॉट. त्यांना संस्कृत कपडे चढवण्याचा मोह आवरला. जिथे अंतरं मैलांत होती तिथे किलोमीटर केले, पण नॉटला हात लावला नाही. आमच्या दोन जिल्ह्यांतल्या शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून तांत्रिक भाग लिहिला आहे. त्यांनी नागपूरला गेल्यावर अंबाझरी तलावावर एनसीसीच्या नौदल शाखेची मुलं वल्ही मारताना जरूर पाहावीत. ज्यांना यंत्रांचा कंटाळा येतो त्यांनी दुसरं प्रकरण ओलांडून पुढे जायला हरकत नाही. ज्यांना लढायाच वाचायच्या आहेत ते प्लेट नदीवरून सरळ दीवला उडी मारतील हे मला ठाऊक आहे; त्यांना एवढीच विनंती, की मधलं १९४८ ते १९५८चं प्रकरण निदान एकदा चाळावं. पुस्तकात सर्वांत जास्त मेहनत त्यावर झाली आहे.